बारा पाण्यांचा फोटो

एसटीतून उतरताना दाराच्या दांडीला हात लावू नका, चटका बसेल. मे महिना आहे, साल 1973, आणि ही गाडी पाथर्डीपासून उन्हात भाजत आलीय. उतरलात? आता नाकातोंडावर रुमाल धरा. माळीवाड्याच्या स्टँडवर वावटळ उठलीय, आणि गेल्या पावसाळ्यात जी माती भिजलीच नाही ती सगळी हवेत आहे. दातांखाली कचकचतेय ती तीच.

तहान लागली असेल. समोरच्या हॉटेलात बसा, चहा लगेच पुढ्यात येईल. पाण्याचा पेला मात्र अर्धाच भरून येईल, आणि तो तुम्ही संपवता की ठेवता याकडे खांद्यावर फडकं टाकलेला पोऱ्या बघत राहील. ठेवलात तर तुमच्या डोळ्यांदेखत ते पाणी भांडी विसळायच्या बादलीत जाईल. नगरात या वर्षी पाणी फेकत नाहीत.

चला, रस्त्याला लागा. नळाच्या कोंडाळ्यापाशी रांग दिसतेय, पण रांगेत माणसं नाहीत. हंडे, कळश्या, डालड्याचे डबे, कडी तुटलेली एक बादली, सगळं ओळीनं मांडलेलं. बायका भिंतीच्या हातभर सावलीत बसल्यात आणि प्रत्येकीची नजर आपल्या भांड्यावर आहे. नळातून नुसती हवा फुसफुसतेय. निजामशाहीत भोवतालच्या गावांकडून खापरी नळांनी या शहरात पाणी खेळवलं होतं, हे तुम्ही वाचलं असेल. आत्ता ते मनातच ठेवा. शेजारून दोघं जण गेले बघा, हाताला चिंध्या गुंडाळलेले, पापण्यांवर पांढरी पूड बसलेली. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेत. त्यांच्या फडक्यात मिलोची तांबडी भाकरी आहे. गार झाली की ती चामड्यासारखी ओढून तोडावी लागते.

कापड बाजारात शिरलात की वास पालटतो. कांजी केलेल्या नव्या कोऱ्या कापडाचा वास, त्यात उदबत्ती, त्यात तांग्याच्या घोड्याची लीद. लग्नसराई आहे, तरी गाद्यांवर दुकानदार मोकळेच बसलेत. दोन दुकानांच्या मधला तो अरुंद जिना दिसला? खाली काचेच्या पेटीत एका नवरीचा फोटो आहे, गालांना हातानं गुलाबी रंग दिलेला. वर चढा. डोकं सांभाळा, शेवटच्या पायरीवर तुळई खाली आलीय.

चप्पल बाहेर काढा. आत धूळ आणलेली काकांना खपत नाही. काका म्हणजे फोटोवाले काका. बनियन, लेंगा, आणि उजव्या हाताची नखं तपकिरी झालेली. डाग तंबाखूचा नाही, डेव्हलपरचा आहे. खोलीच्या एका भिंतीवर रंगवलेला पडदा आहे: तळं, तळ्यात हंस, पलीकडे पांढरा जिना. सबंध नगर जिल्ह्यात या उन्हाळ्यात भरलेलं तळं बघायचं तर बहुतेक इथंच.

तळ्यापुढच्या खुर्चीवर एक आजी बसल्यात. जामखेडकडून आल्यात, बरोबर मुलगा आहे. मुलगा उद्या मुंबईला निघालाय, कामाला. त्याला आईचा फोटो बरोबर न्यायचाय आणि आजींनी जन्मात फोटो काढलेला नाही. संध्याकाळच्या गाडीनं त्यांना परत जायचंय, म्हणून काम अर्जंट. आजींनी लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतलाय. कपाळावर हिरव्या गोंदणाचे ठिपके.

"आये, हलू नगं," मुलगा म्हणतो.

"मी कशाला हालू? मला काय मुंग्या लागल्यात?"

या, काकांच्या मागे या. लाकडी कॅमेऱ्यावर काळं कापड आहे, त्यात डोकं घाला. आत भट्टी आहे. तुमचाच श्वास तोंडावर परत येतो, कापडाला वीस वर्षांचा घाम आणि चमेलीचं तेल. समोर खरवडलेल्या काचेवर प्रकाश हलतोय. आजी आहेत, पण उलट्या. डोकं खाली, तळं वर, हंस पाठीवर पोहताहेत. डोळे सरावले की त्या उलट्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते. आता बाहेर या. दोन मोठे दिवे लागलेत, खोली आणखी तापलीय. काका फिल्मची चौकट सरकवतात, भिंगावरचं झाकण हातात घेतात. "आजी, श्वास धरा." झाकण निघतं. एक, दोन. झाकण बसतं. खाली बाजारात कुणीतरी रिकामा हंडा आपटला, तेवढाच आवाज.

आजींना वाटतंय फोटो झाला. अजून काहीच झालेलं नाही.

डार्करूम म्हणजे पूर्वीची मोरी. खिडकीला काळा कागद चिकटवलाय, दाराला दोन पडदे. पहिला सोडा, मग दुसरा उचला. वास आलाच असेल: शिळ्या लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस, तो ॲसिटिक ॲसिडचा, आणि त्याच्या खाली विझलेल्या काडीसारखा गंधकाचा, तो हायपोचा. घाम मानेवरून पाठीत उतरतोय. पुसू नका. घामाचा थेंब ट्रेमध्ये पडलेला चालत नाही, पण ओल्या बोटाचा ठसा त्याहून वाईट.

काका सोनाराच्या काट्यावर पुड्या जोखताहेत. मेटॉल, हायड्रोक्विनॉन, सल्फाइट, सोडा. पाणी उकळून, रात्रभर निवळून घेतलेलं आहे, कारण विहिरीच्या क्षाराच्या पाण्यात डेव्हलपर केला की वर पांढरट साय धरते आणि ती चेहऱ्यावर बसते. शेवटी एक छोटी तपकिरी बाटली. "हे बघा," काका तळहात पुढे करतात. मिठासारखे पांढरे खडे. चाखू नका! हे पोटॅशियम ब्रोमाइड. एका लिटरला जेमतेम दोन ग्रॅम. आज मात्र चिमूटभर जास्त टाकताहेत.

काचेच्या कांडीनं तुम्हीच ढवळा. गेलं? नुसतं गेलं, मागमूस नाही. या पदार्थाला पाण्याचा सोसच आहे. अशा लिटरभर पाण्यात साडेसहाशे ग्रॅम विरघळून जाईल. पाण्यात पडताच पोटॅशियम एकीकडे, ब्रोमाइड एकीकडे, दोघं सुटे होऊन फिरू लागतात.

आता दुसरा ब्रोमाइड बघा. खोक्यात काळ्या कागदात गुंडाळलेला ब्रोमाइड पेपर आहे ना, त्यावरच्या जिलेटिनच्या थरात चांदीचा ब्रोमाइड आहे, डोळ्याला न दिसणाऱ्या कणांत. हा पाण्याला अजिबात दाद देत नाही. लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅमचा सातवा भाग विरघळला तर विरघळला. एकाच घरातले दोन भाऊ म्हणा. एकाला पाणी दिसलं की तो सगळं सोडून निघतो, दुसरा पाण्यात तासभर ठेवला तरी जागचा हलत नाही. फोटो नावाची सगळी करामत या दोघांच्या स्वभावातल्या फरकावर उभी आहे.

फिल्म धुवायला लाल दिवाही चालत नाही. बंद करतो म्हणाले काका. झाला अंधार. असा अंधार तुम्ही तुमच्या काळात पाहिलेला नाही. तुमच्याकडे कुठं ना कुठं एक टिकली चमकत असतेच. हात पुढे करा, काका ट्रेची कड हातात देतील. खाली मोठं घमेलं आहे, त्यात भुशातून काढलेल्या बर्फाचे तुकडे. बर्फ औषधात टाकायचा नाही, बाहेरून लावायचा. डेव्हलपर 20 अंशांवर हवा आणि खोली चाळिशीला आलीय. गरम झाला की तो बेभान होतो, जिथं प्रकाश पडला नाही तिथंही काळं करत सुटतो आणि सगळ्या चित्रावर धूर बसतो. त्याला लगाम घालतो तो मघाचा चिमूटभर ब्रोमाइड. म्हणून उन्हाळ्यात चिमूट मोठी.

ट्रे हलवत राहा. हळू. डावीकडून उचला, ठेवा. उजवीकडून उचला, ठेवा. पाण्याची चुळूक, चुळूक. अंधारात काका बोलतात. हाच ब्रोमाइड पूर्वी दवाखान्यात बाटलीतून मिळायचा, म्हणाले. फेफऱ्याला द्यायचे, झोप न येणाऱ्यालाही. बाटलीला कागदी खुणा चिकटवलेल्या, एक खूण म्हणजे एक डोस. त्यांच्या थोरल्या बहिणीला दिलेला त्यांना आठवतोय. माणसाच्या मेंदूतही तो तेच करायचा, भडकलेलं शांत. मला ही गोष्ट फार आवडते. एकच मीठ, इकडे धावत्या डेव्हलपरला आवरतंय, तिकडे एका मुलीच्या आचक्यांना.

फिल्म वाळतेय तोवर बाहेर या, श्वास घ्या. गल्ल्याजवळ एक विद्यार्थी उभा आहे, अहमदनगर कॉलेजचा, फॉर्मला लावायचे पासपोर्ट न्यायला आलाय. शर्टाला प्रयोगशाळेचा वास. विचारा त्याला. तो खुशीत सांगेल की परीक्षेआधी बाई-सरांनी ब्रोमीन दाखवला. शुद्ध ब्रोमीन! लालभडक काळपट द्रव, पाण्याच्या तिप्पट जड. बाटलीत वर पाणी ठेवलेलं आणि खाली तो बसलेला, कारण उघडा ठेवला की तांबडी वाफ उठते आणि घसा धरते. बुडाशी असला तरी वरचं पाणी हळूहळू नारिंगी होतं. लिटरभर पाण्यात पस्तीसेक ग्रॅम मावतो. त्यातला थोडा पाण्याशीच भिडतो आणि दोन आम्लं तयार होतात, एक हायड्रोब्रोमिक, एक हायपोब्रोमस. उजेडात ठेवलं तर ते दुसरं मोडत जातं आणि नारिंगी रंग फिकटतो, म्हणून बाटली तपकिरी. पोरानं घरून शेंगदाण्याच्या तेलाचे चार थेंब नेले होते. ब्रोमीनच्या पाण्यात टाकून हलवले आणि रंग पार गेला. "तेलानं गिळला बघा," म्हणतो.

हा ब्रोमीन मूळचा समुद्राचा. लिटरभर समुद्राच्या पाण्यात 65 मिलिग्रॅमच्या आसपास. मीठ उचलून झाल्यावर मिठागरात जे कडू पाणी उरतं, त्यात तो दाटतो. फ्रान्समधल्या मोंपेलिए इथं तेविशीतल्या बलार नावाच्या पोरानं 1826 साली त्याच उरल्या पाण्यात क्लोरीन सोडला आणि पिवळट तांबडा रंग वर आला. नाव पडलं ते वासावरून. ग्रीकमध्ये ब्रोमॉस म्हणजे दुर्गंधी. समुद्रापासून इतक्या लांब, सह्याद्रीच्या कोरड्या पाठीवर, कापड बाजारातल्या या मोरीत तो येऊन पोचलाय, आणि आजींची वाट बघतोय.

चला आत. आता लाल दिवा चालेल. अंधारानंतर हा उजेड अंगावर कुंकू सांडल्यासारखा वाटतो. काका निगेटिव्ह धरतात: आजींचे केस काळे, पदर पांढरा, गोंदण पांढरं टिकलीसारखं. चौकटीत निगेटिव्ह, त्यावर ब्रोमाइड पेपर, मागून फळी दाबली. वरचा पांढरा दिवा लागतो. एक, दोन. बंद.

कागद बघा. कोरा. पण आत काहीतरी घडून गेलंय. जिथं प्रकाश पोचला तिथं ब्रोमाइडनं आपला एक इलेक्ट्रॉन सोडला आणि तो ब्रोमीन झाला. जिलेटिननं त्याला धरून ठेवलं. सुटलेला इलेक्ट्रॉन चांदीला मिळाला. एकेका कणात चारदोन अणूंइतकी चांदी मोकळी झाली असेल. तेवढी खूण डेव्हलपरला पुरते. कागद त्याच्या ट्रेमध्ये सरकवा, एका झटक्यात, अर्धवट भिजू देऊ नका. आता ट्रे हलवा आणि वाकून बघा.

दहा मोजा. काही नाही. पंधरा. आणि मग पांढऱ्या कागदात, पाण्याखाली, दोन ठिपके. डोळ्यांची बुबुळं. मग नाकाच्या खालची सावली. मग कपाळावरचं गोंदण, एक एक ठिपका. लुगड्याचा काठ. गालावरची पहिली सुरकुती, दुसरी, आणि मग एकदम सगळ्या. कितीही वेळा पाहा, माझ्या अंगावर काटा येतो. ज्या कणाला खूण मिळाली त्यातली सगळी चांदी काळी होऊन कागदावर राहतेय, आणि तिच्याशी बांधलेला ब्रोमाइड सुटून ट्रेमध्ये उतरतोय. प्रत्येक प्रिंटमागे पाण्यात ब्रोमाइड वाढतो, डेव्हलपर मंदावतो. काका त्याला "थकला" म्हणतात. किती चेहरे काढले यावर तो किती थकला हे ठरतं.

"काढा!" चिमट्यानं उचला, आंबूस पाण्यात बुचकळा, मग हायपोत. जिथं प्रकाश पडला नाही तिथला चांदीचा ब्रोमाइड अजून कागदात आहे. दिव्याखाली गेला की तोही काळवंडेल आणि आजी काळोखात बुडतील. साध्या पाण्याला तो दाद देत नाही हे मघाशी पाहिलंत. हायपो त्याला विरघळवतो, हट्टी भावाला गोड बोलून घराबाहेर काढावं तसा. हायपोत काकांनी तुरटी टाकलीय, दाढीनंतर लावतात तीच. उन्हानं मऊ पडलेलं जिलेटिन तिनं आवळतं, नाहीतर कडेनं सालपट सुटतं. वापरलेला हायपोही ते ओतून देत नाहीत. पत्र्याच्या पिंपात साठवतात. त्यात चांदी असते.

दहा मिनिटं झाली, दिवा लावा. डोळे दिपले ना? ट्रेमध्ये आजी आहेत, सुलट्या.

आता खरं काम. कागदात हायपो मुरलाय आणि तो निघाला पाहिजे. एरवी नळाखाली तासभर वाहतं पाणी सोडतात. नळ नाही तर पाच पाच मिनिटांनी बारा पाणी बदलायची. एका पाण्याला लिटरभर धरा. काकांपुढे आज सहा जणांच्या प्रिंट आहेत आणि स्वच्छ पाण्याची एकच बादली. हातगाडीवाला येईल तो परवा.

मग ते असं करतात. बघून ठेवा. एक ट्रे नाही, चार मांडतात. ताज्या प्रिंटला आधीच्या प्रिंटचं धुवण, तिथून जरा बऱ्या पाण्यात, तिथून आणखी बऱ्या, आणि शेवटी कोऱ्या पाण्यात. पाणी उलट्या दिशेनं सरकतं. सगळ्यात स्वच्छ पाणी सगळ्यात धुतलेल्या कागदाला. तरी मेळ बसत नाही. कुणाला सात पाणी मिळतात, कुणाला पाच. राहिलेला हायपो दहा-वीस वर्षांनी मोडतो, त्यातलं गंधक चांदीला धरतं आणि चेहरा पिवळा, तांबूस होत जातो. तुम्ही जिथून आलात तिथं आजोळच्या कपाटात काळ्या पानांचा अल्बम असेल, जाळीच्या कागदाआड असा एखादा कडेनं पिवळलेला फोटो असेल. त्याला पाणी कमी पडलं होतं.

काका प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडा घालतात, कितव्या पाण्यापर्यंत पोचली त्याचा. आजींच्या प्रिंटवर सात आहे आणि बादली तळाला गेलीय.

पडदा हलतो. आजी आत आल्यात, कुणी बोलावलं नाही तरी. ट्रेवर वाकतात. बोटभर पाण्याखाली त्या स्वतः आहेत, पाणी हललं की गाल हलतो. बराच वेळ काही बोलत नाहीत. हात कपाळाकडे जातो, गोंदण चाचपतात, मग पुन्हा पाण्यात बघतात.

"माझी आय हाय ही," म्हणतात.

"तुम्हीच आहात, आजी."

"व्हय. पर आय हाय."

मुलगा मागे उभा आहे, पडदा धरून. आजींना धाप लागलीय उकाड्यानं. काका कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवतात, माठ प्यायचा, त्याला कामाला हात लावत नाहीत. तुम्हीच उठा, फुलपात्र भरून द्या. पूर्ण भरा. आजी मान वर करतात आणि वरून धार धरून पितात, ओठ न लावता, एक थेंब लुगड्यावर पडू न देता. अर्धं पितात आणि थांबतात.

फुलपात्र तुमच्याकडे परत देत नाहीत. वाकतात आणि उरलेलं पाणी ट्रेमध्ये ओततात, कडेनं, चेहऱ्यावर न पडेल असं. मग मुलाकडे बघतात. तो पिशवीतून वाटेसाठी भरून आणलेली बाटली काढतो आणि बूच उघडतो.

काका जुनं पाणी पुढच्या ट्रेमध्ये सरकवतात आणि सात खोडून आठ लिहितात.